तीन शिट्ट्यांची खिचडी

एखादे काम रेंगाळले की आपण म्हणतो, 'बिरबलाची खिचडी शिजतेय.' उंच बांबूंवर टांगलेली हंडी, खाली जमिनीवर चार काटक्यांचा जाळ आणि ताटकळलेला बादशहा, ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळाच. आता दुसरे चित्र पाहा. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. बाई ऑफिसातून आत्ताच आली आहे, लोकल उशिरा धावत होती, भाजी आणलेली नाही, उद्या मुलाची परीक्षा. चप्पल काढता काढता ती म्हणते, 'आज खिचडीच टाकते.' आणि घरात कोणी कुरकुर करत नाही, उलट पापड भाजू का म्हणून विचारतात. म्हणीमध्ये जी कधीच शिजत नाही, तीच खिचडी आपल्या घरात सगळ्यांत लवकर शिजते. ही किमया कधी झाली? आणि ती होण्यापूर्वी या 'सोप्या' जेवणासाठी किती वेळ जात होता आणि कोणाचा?

पदार्थ जुना आहे, याबद्दल वाद नाही. संस्कृतातला 'कृसर' हा शब्द खिचडीचे मूळ म्हणून सांगतात. 1333 साली हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवले आहे की, इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालून खातात, त्याला 'किशरी' म्हणतात आणि रोज सकाळी तीच त्यांची न्याहारी असते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्या चौलच्या बंदरात उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. घोडा विकायला आला होता, त्यामुळे त्याचे लक्ष घोड्यांच्या खाण्याकडे. हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी घोड्यांना चारतात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणजे जुन्नरच्या घोड्यांची चैनच होती म्हणायची! अबुल फझलच्या 'ऐन-इ-अकबरी'त शाही मुदपाकखान्यातले प्रमाण आहे : तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर. आजच्या डॉक्टरांना हे सांगू नका. जहांगिराला गुजरातेतली बाजरीची खिचडी इतकी आवडली की, ज्या दिवशी मांसाहार करायचा नसेल त्या दिवशी हीच आणत जा, असा हुकूम त्याने दिला. पुढे इंग्रजांनी तीत मासे आणि उकडलेली अंडी घालून तिची 'केजरी' केली आणि नाश्त्याच्या टेबलावर ती विलायतेला नेली.

खिचडीचा इतिहास म्हणून एरवी आपल्याला एवढेच सांगितले जाते. राजे आले, प्रवासी आले, खाऊन गेले, लिहून गेले. पण त्या पाच शेर डाळीचे मूग कोणी भरडले, हे यांपैकी कोणीही विचारले नाही. स्वयंपाकाच्या इतिहासात खाणारा दिसतो. करणारी दिसत नाही.

घरातली मोठी बाई अजून असेल, तर तिला विचारून बघा. खिचडीला डाळ हवी. उन्हाळ्यात मुगाला तेलपाण्याचा हात लावायचा, ऊन दाखवायचे, मग जात्यावर भरडायचे, सुपाने पाखडायचे, सालपट वेगळे, डाळ वेगळी, चुरा वेगळा. तांदूळ हवा. भात उखळात घालून मुसळाने कांडायचा, पुन्हा पाखडायचा, कण्या बाजूला काढायच्या. जात्यावरच्या ओव्या आपण आता संग्रहात वाचतो आणि त्यांतल्या काव्याने भारावतो. ते काव्य खरेच मोठे आहे. पण पहाटे उठून दोन-दोन तास दळल्यावाचून दिवस सुरू होत नव्हता म्हणून त्या ओव्या झाल्या, हेही विसरू नये. त्यात पाणी विहिरीवरून आणायचे. गोवऱ्या थापायच्या, वाळवायच्या, पावसाळ्यापूर्वी रचून झाकायच्या. एवढे झाल्यावर चुलीवर आधण ठेवायचे आणि ओल्या लाकडाला फुंकणीने फुंकत, डोळे चोळत, पातेल्यातले धान्य मऊ होण्याची वाट बघायची. बिरबलाच्या गोष्टीत अतिशयोक्ती आहे, पण पावसाळ्यात चुलीपुढे बसलेल्या बाईला ती तितकीशी वाटली नसेल.

आणखी एक गोष्ट. आपण आज खिचडी म्हणजे डाळ-तांदूळच धरून चालतो. पण देशावरच्या कष्टकरी घरात तांदूळ हा सणावाराचा, पाहुण्याचा किंवा दुखणेकऱ्याचा. रोजची भाकरी. तिथे संध्याकाळचे मऊ, गरम, पोटाला आधार देणारे अन्न म्हणजे ताकातल्या ज्वारीच्या कण्या किंवा थंडीत बाजरीची खिचडी. कोकणात पेज, आणि लहान मुलाला किंवा तापातून उठलेल्या माणसाला आटवल. नावे वेगळी, काम एकच : फारसे चावावे लागू नये, पचायला हलके असावे, आणि एका भांड्यात व्हावे. देशावरच्या घराघरांत तांदूळ रोजचा झाला तो बराच पुढे, रेशनच्या दुकानांमुळे आणि साठीच्या दशकानंतर आलेल्या नव्या वाणांमुळे. तेव्हा 'आपल्या आजीच्या हातची मुगाची खिचडी' हे सर्वच मराठी आज्यांना लागू पडणारे वाक्य नव्हे.

पहिला मोठा बदल स्वयंपाकघराच्या बाहेर झाला. गिरणी आली. आधी वाफेवर, मग ऑइल इंजिनावर, मग विजेवर चालणारी. जाते कोपऱ्यात गेले आणि फक्त लग्नात हळदीपुरते बाहेर येऊ लागले. वाण्याकडे डाळ तयार मिळू लागली. गिरणीच्या पिठाला चव नाही, अशी तक्रार तेव्हाही झाली. तक्रार करणारे बहुधा दळत नसत.

दुसरा बदल जळणाचा, आणि तो मात्र इतका सरळ नाही. शहरातल्या चाळीत दोन खोल्यांच्या घरात चूल कुठे मांडणार? कोळशाची शेगडी, भुशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह. 1892 साली स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस आपल्याकडे इतका रुळला की, पितळी टाकी घासणे, पिन मारणे, पंप मारणे हे शब्द घरगुती झाले. त्याचा तो फर्रर्र आवाज म्हणजे घरात चहा होतोय याची खूण. काकडा लावला की दोन मिनिटांत जाळ! पण रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे डबा घेऊन उभे राहण्यात तास जात. 1972 साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका थाळ्या वाजवत आणि लाटणी उगारत रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या रागामागे ही रोजची रांग होतीच.

स्टोव्हची दुसरी आठवणही सांगितली पाहिजे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली वर्तमानपत्रे काढून बघा. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' हे वाक्य आतल्या पानावर, चार ओळींत, पुन्हा पुन्हा भेटते. काही खरेच अपघात होते. सगळे नव्हते, आणि हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असे. स्त्रियांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. 1983 साली सासरच्या छळाविरुद्धचे 498 अ हे कलम आले, 1986 साली हुंडाबळीचे. भडकणाऱ्या स्टोव्हच्या त्या बातम्यांचा विचार केल्याशिवाय आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास पुरा होत नाही.

मुंबईत पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात काही घरांत सिलिंडरचा गॅस पोहोचला होता. इंडेन 1965 साली सुरू झाला. पण पुढची कित्येक वर्षे 'गॅसचा नंबर लागणे' ही पेढे वाटावेत अशी घटना होती. नाव नोंदवले तेव्हा मुलगी शाळेत, नंबर लागला तेव्हा तिचे लग्न ठरलेले, असे विनोदाने म्हणत. खेड्यांतल्या गरीब घरांत गॅस पोहोचवण्याची उज्ज्वला योजना आली ती 2016 साली. सिलिंडर घरात आहे पण भरायला परवडत नाही, म्हणून चूल पेटतीच आहे, अशीही घरे आहेत.

आणि तिसरा बदल म्हणजे कुकर. दाबाखाली वाफ कोंडून शिजवण्याची युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याची, 1679 सालची. त्याच्या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडपही बसवली, तीच आपल्या शिट्टीची पणजी. कोलकात्यात 1910च्या सुमारास डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशाच्या धगीवर एकावर एक डबे ठेवून शिजवायचा 'इकमिक कुकर' काढला. तो वाफेचा होता, दाबाचा नव्हे, पण डब्यांची कल्पना तीच. भारतात प्रेशर कुकरचा धंदा उभा राहिला 1959च्या सुमारास, एकीकडे मुंबईचे हॉकिन्स आणि दुसरीकडे दक्षिणेतले प्रेस्टीज. यातले शास्त्र सोपे आहे. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांवर उकळते, मग जाळ कितीही मोठा करा. झाकण घट्ट करून दाब वाढवला की ते 120 अंशांच्या आसपास पोहोचते आणि डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजते. जळण वाचते ते वेगळेच.

सुरुवातीला भीती फार होती. झाकण उडेल, छताला लागेल, असे किस्से सांगितले जात. ज्येष्ठ मंडळी म्हणत, कुकरच्या भाताला चव नसते. पण कुकर मराठी भाषेतही शिरला. 'कुकर लावला का?' हा प्रश्न म्हणजे 'स्वयंपाकाला सुरुवात झाली का?' खाली वरणाची डाळ, वर भात, त्यावर बटाटे, तिन्ही एकदम. आणि वेळ मोजायचे नवे परिमाण निघाले : शिट्टी. खिचडीला तीन, हरभऱ्याला सहा. शास्त्रीय दृष्टीने यात अर्थ थोडा, कारण शिट्टी किती वेळाने होणार हे कुकरवर, पाण्यावर आणि जाळावर अवलंबून. तरी पिढ्यान्पिढ्या हेच चालते आणि खिचडी बिघडत नाही.

पाककृतीच्या पुस्तकांतही हा बदल दिसतो. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले. हजार पदार्थ! ज्या घरात हाताखाली माणसे आहेत आणि सकाळ मोकळी आहे, अशा घराचा तो पसारा वाटतो. 1970 साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले ते वाटी-चमच्याचे माप घेऊन. शेर-तोळ्यांचा हिशेब नाही, सासूला विचारायला नको. नव्या शहरात, नव्या नोकरीत, एकट्याने संसार मांडणाऱ्या मुलीला ते पुस्तक आधाराचे वाटले यात नवल नाही.

त्याच वाटीच्या भाषेत खिचडीचे माप सांगायचे तर एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, मऊ हवी असेल तर साडेचार-पाच वाट्या गरम पाणी. कुकरमध्येच तुपाची किंवा तेलाची फोडणी : मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता. धुऊन निथळलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटे परतायचे, मीठ, थोडा गोडा मसाला, पाणी, तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्यायची. वरून तूप घालताना अकबराचे प्रमाण विसरायचे. मूगच का, तुरीची डाळ का नाही? खानदेशात तुरीचीच करतात आणि उत्तम करतात. पण मूग लवकर शिजतो आणि लवकर पचतो, रात्रीच्या घाईला तो बरा.

एवढी सोय झाल्यावर स्वयंपाकघरातला वेळ कोणाच्या वाट्याला आला? 2019 साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या बिनमोबदल्याच्या कामात, ते काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती आणि पुरुषांची 97. काम करणाऱ्या पुरुषांची म्हणतोय मी, सगळ्या पुरुषांची नव्हे. कुकरने एक मात्र केले. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा' एवढे तरी काम बायकोला दुसऱ्या खोलीतून नवऱ्यावर सोपवता येऊ लागले.

खिचडीचा घराबाहेरचा एक अध्याय राहिला. 2017 साली दिल्लीच्या खाद्यमेळ्यात 918 किलो खिचडी शिजवून विक्रम झाला, त्याची बातमी सगळीकडे झळकली. मला त्याहून मोठी वाटते ती आपल्या शाळांतली खिचडी. 1995 साली योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या म्हणून आदेश दिला आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या आवारात पातेली चढली. योजनेचे सरकारी नाव काहीही असो, गावात तिला 'खिचडी' हेच नाव पडले. शंभर-दोनशे मुलांचे डाळ-तांदूळ सकाळी निवडायचे, धुवायचे, शिजवायचे, वाढायचे. इथे तीन शिट्ट्यांचे काम नाही. गावातल्याच बाया तुटपुंज्या मानधनावर हे करतात, ते मानधनही अनेकदा थकते. दुपारी पातेले घासून त्या घरी जातात, तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचाच असतो.