ऊडनाडॅटा ट्रॅक

ऊडनाडॅटा ट्रॅक हा ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील सुमारे ६२० किलोमीटर लांबीचा कच्चा रस्ता आहे. मारी या गावापासून निघून विल्यम क्रीक व ऊडनाडॅटा या वस्त्यांवरून तो मार्ला येथे स्टुअर्ट महामार्गास मिळतो. वाळवंटी अंतर्भागातील, म्हणजे ‘आउटबॅक’मधील, कॅराव्हॅन प्रवासासाठी तो विशेष प्रसिद्ध आहे. या मार्गावरील चार मुक्कामांमध्ये प्रत्येकी साधारण २०० किलोमीटरचे अंतर असून मधल्या टप्प्यांत इंधन मिळत नाही.

पाण्याची रेषा

नकाशावर हा रस्ता ओसाड प्रदेशातून निष्कारण वळणे घेत गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो झऱ्यांच्या एका रांगेला धरून चालतो. ऑस्ट्रेलियाचा सुमारे एक-पंचमांश भूभाग व्यापणाऱ्या ग्रेट आर्टेशियन बेसिन या भूजलसाठ्याच्या नैर्ऋत्य कडेला दाबाखालचे पाणी आपोआप वर येते. त्यातील क्षार व गाळ साचून झऱ्यांभोवती लहान टेकाडे तयार होतात. कॉवर्ड स्प्रिंग्जजवळील ‘द बबलर’ आणि ‘ब्लँश कप’ हे झरे याचे उत्तम नमुने असून ते वाब्मा काडार्बू संरक्षित उद्यानात येतात.

अराबाना व शेजारच्या आदिवासी समाजांना ही रांग पूर्वापार ठाऊक होती. फ्लिंडर्स पर्वतरांगेतील तांबडी गेरू याच झऱ्यांच्या आधाराने उत्तरेकडे जात असे. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या शोधप्रवाशाने १८५८ ते १८६२ या काळातील मोहिमांत हीच वाट धरली आणि १८६२ मध्ये खंड ओलांडून उत्तर किनारा गाठला. दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, अ‍ॅडिलेड ते डार्विन ही तारयंत्राची वाहिनी पूर्ण झाली. तिचा येथील भागही झऱ्यांजवळूनच नेण्यात आला. ऑस्ट्रेलियातून लंडनला जाणारा संदेश तेव्हा या वाळवंटातून डार्विनला व पुढे जावा, सिंगापूर, मद्रास आणि मुंबईमार्गे जात असे. स्ट्रँगवेज व पीक येथे तारकेंद्रांचे दगडी अवशेष आजही उभे आहेत.

उंटवाले आणि रेल्वे

तारेचे खांब, अन्नधान्य आणि लोकर वाहून नेण्याचे काम बहुतांशी उंटांनी केले. १८६६ च्या सुमारास कराची बंदरातून उंटांचा मोठा तांडा पोर्ट ऑगस्टा येथे उतरला. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होते. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई, परंतु त्यांत बलुचिस्तान, सिंध व पंजाब येथील लोकही मोठ्या संख्येने होते. मारी हे त्यांचे प्रमुख ठाणे बनले. तेथे त्यांनी मशीद बांधली व खजुराची झाडे लावली. गावाची विभागणी मात्र रेल्वेरुळांनी केली होती : एका बाजूस युरोपीय, दुसऱ्या बाजूस उंटवाले व आदिवासी. ज्यांच्या श्रमावर वस्ती टिकली होती, त्यांनाच तिच्या मानाच्या भागात जागा नव्हती.

१,०६७ मिलिमीटर रुंदीची रेल्वे १८८४ मध्ये मारीला आणि १८९१ मध्ये ऊडनाडॅटाला पोहोचली. १९२९ मध्ये ती अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत वाढवण्यात आली. या गाडीचे ‘घान’ हे नाव ‘अफगाण’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असल्याचे मानले जाते. मोटारवाहतूक वाढताच उंट निरुपयोगी ठरले. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारण्यास परवानगी देणारा कायदा केला. अनेक मालकांनी उंट वाळवंटात सोडून दिले आणि त्यांच्यापासून आजचे रानटी कळप वाढले. रेल्वेलाही पुराने वारंवार जेरीस आणले. १९८० मध्ये पश्चिमेकडून नवा लोहमार्ग सुरू होऊन जुना बंद पडला. त्यानंतर रुळांच्या कडेची वाट हाच मुख्य मार्ग उरला. नील्स नदीवरील ५७८ मीटर लांबीचा अल्जिबकिना पूल हा जुन्या रेल्वेचा सर्वांत भव्य अवशेष होय.

वाटेवरील वस्त्या

मारी येथून बर्ड्सव्हिल ट्रॅक हा दुसरा प्रसिद्ध कच्चा मार्गही सुरू होतो. मारीच्या पश्चिमेस डिंगो या रानकुत्र्यांना मेंढ्यांपासून दूर ठेवणारे हजारो किलोमीटर लांबीचे कुंपण रस्त्याला आडवे येते. पुढे काटी थांडा–लेक एअर या खाऱ्या सरोवराचा दक्षिण भाग दिसतो. सरोवराचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १५ मीटर खाली आहे. बहुतेक वर्षी तेथे मिठाचा पांढरा थर असतो. या कोरड्या तळावर डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९६४ मध्ये ताशी ६४८.७३ किलोमीटर हा वाहनवेगाचा विक्रम केला. अराबाना समाजासाठी मात्र हे पवित्र स्थान आहे. २०१२ मध्ये न्यायालयाने या प्रदेशावरील त्यांचे पारंपरिक हक्क मान्य केले, व त्याच वर्षी सरोवराला दुहेरी नाव मिळाले.

विल्यम क्रीकची कायम लोकसंख्या जेमतेम दहाच्या घरात असते. गावाभोवती अ‍ॅना क्रीक हे अवाढव्य गुरेपालन केंद्र पसरले आहे. ऊडनाडॅटातील बहुसंख्य रहिवासी आदिवासी आहेत. येथील गुलाबी रंगाचे ‘पिंक रोडहाउस’ हे पेट्रोलपंप, दुकान व उपाहारगृह असे सर्व काही आहे. २ जानेवारी १९६० रोजी या गावात ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ऑस्ट्रेलियातील या उच्चांकाची बरोबरी २०२२ मध्ये ऑन्स्लो येथे झाली.

कॅराव्हॅन प्रवास

मे ते सप्टेंबर हे थंड महिने प्रवासास योग्य असतात. या काळात निवृत्त जोडपी मोठ्या संख्येने कॅराव्हॅन घेऊन येतात. त्यांना ऑस्ट्रेलियात ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या असतात. त्यांच्या सततच्या हादऱ्यांनी कॅराव्हॅनमधील कपाटांचे स्क्रू निघतात, जोडणीचे लोखंड तडकते. टायरमधील हवा कमी करून सावकाश चालवणे हा अनुभवी चालकांचा उपाय आहे. पाऊस पडल्यास मातीचा चिखल होतो आणि प्रशासन रस्ता बंद करते. बंद रस्त्यावर वाहन घालणाऱ्यास दंड होतो. भ्रमणध्वनीला बहुतांश अंतरावर संकेत मिळत नाही, म्हणून उपग्रह दूरध्वनी किंवा आपत्कालीन संकेतयंत्र सोबत ठेवले जाते.

वाहन बंद पडल्यास ते सोडून जाऊ नये, हा येथील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. डिसेंबर १९९८ मध्ये एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी सरोवराकाठी रुतली. जवळच टाकीत पाणी होते. तरीही मदतीच्या शोधात तरुणी विल्यम क्रीककडे पायी निघाली आणि वाटेतच मृत्युमुखी पडली. गाडीजवळ थांबलेला तिचा सोबती वाचला.

झऱ्यांवरील ताण

गुरांसाठी खोदलेल्या विंधनविहिरींतून भूजल दशकानुदशके अनिर्बंध वाहत राहिले. त्यामुळे भूगर्भातील दाब घटला व काही झरे क्षीण झाले. अशा विहिरींना झडपा बसवण्याचा शासकीय कार्यक्रम १९९९ पासून राबवला गेला. ऑलिम्पिक डॅम या तांबे व युरेनियमच्या खाणीलाही १९८० च्या दशकापासून याच साठ्याचे पाणी पुरवले जाते, आणि तिच्या उपशाविषयी अराबाना समाजाने सातत्याने चिंता व्यक्त केली आहे. झऱ्यांच्या डबक्यांत राहणारे काही मासे व गोगलगायी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. एखादा झरा आटला, तर तेथील प्रजातीला स्थलांतराची वाट नसते. टेकाडांचे माथे ठिसूळ असल्याने पर्यटकांसाठी लाकडी पायवाटा बांधल्या आहेत.