चालण्याचे अपंगत्व टक्क्यांत कसे मोजतात?

लोणावळा - मावळातील डोंगराळ वाड्या-वस्त्यांवरील अपंग व्यक्तीला एसटीच्या थांब्यापर्यंत किती चढ-उतार करावा लागतो, याची नोंद दिव्यांग प्रमाणपत्रात होत नाही. त्यावर असते ती टक्केवारी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी ती किमान ४० असावी लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असल्यास वडगाव येथील तहसील कार्यालयाकडे अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना या योजनेतून दरमहा अडीच हजार रुपये मिळतात. ३९ आणि ४० यांतील अंतर असे महागाचे आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. मार्च २०२४ मध्ये ती सुधारण्यात आली. पायाची तपासणी दोन अंगांनी होते. पहिले हालचालीचे. खुबा, गुडघा व घोटा किती वळतो हे कोनमापकाने पाहतात, तर स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणींत ठरवतात. दुसरे अंग स्थिरतेचे. त्यात सपाट जागी चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, बाधित पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे अशा नऊ क्रिया असून प्रत्येकीला १० टक्के आहेत. पाय आखूड असल्यास पहिला अर्धा इंच सोडून पुढील प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के धरतात.

अनेकांचा हिशेब चुकतो तो बेरजेत. दोन्ही अंगांचे आकडे थेट मिळवले जात नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवून तो ९० मधून वजा करतात. उरलेल्या संख्येने लहान आकड्याला गुणून ९० ने भागतात आणि येणारे उत्तर मोठ्या आकड्यात मिळवतात. हालचालीत २० व स्थिरतेत २० टक्के हानी असेल, तर उत्तर ४० नव्हे, सुमारे ३६ येते. स्थिरतेत ३० टक्के हानी असल्यास सुमारे ४३ येते. हा फरक नऊपैकी एका क्रियेचा आहे. त्यामुळे उकिडवे बसता येत नसताना डॉक्टरांसमोर संकोचाने ‘जमते’ म्हणणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो. कोणती क्रिया आधाराशिवाय होत नाही, ते स्पष्ट सांगावे, दाखवावे.

यासाठीचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर भरावा लागतो. जिल्हा रुग्णालय औंध येथे आहे. व्यंग सुधारण्याजोगे वाटल्यास ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. निर्णय अमान्य असल्यास कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते.

रेल्वेचा निकष मात्र निराळा आहे. अस्थिव्यंग प्रवाशाला सवलतीसाठी केवळ टक्केवारी पुरत नाही. सोबत्याशिवाय प्रवास शक्य नाही, असा डॉक्टरांचा स्वतंत्र दाखला लागतो. तो असल्यास लोणावळा-पुणे लोकलच्या मासिक पासावर ५० टक्के सूट मिळते.