नाव आणि नांव : एका टिंबाचा इतिहास

आज आपण एका टिंबाचा इतिहास पाहणार आहोत.

दोन वाक्यं घेऊ. ‘कोळ्याची नाव बुडाली’ आणि ‘घराण्याचं नाव बुडालं’. शब्द कानाला एकच, लिहायलाही एकच. पहिल्या वाक्यात होडी गेली, दुसऱ्यात अब्रू. आपण गोंधळत नाही, कारण ‘ती नाव’ आणि ‘ते नाव’ हा लिंगभेद मदतीला येतो. पण आजोबांच्या काळचं छापील पुस्तक उघडलं, तर तिथे हे दोन वेगळे शब्द दिसतात. होडी ती ‘नाव’ आणि ओळखीचं ते ‘नांव’.

हे टिंब आलं कुठून? संस्कृतातल्या ‘नाम’ शब्दातून. प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांमधला ‘म’ सैल झाला, त्याचा नाकातून उच्चारलेला ‘व’ झाला. ‘ग्राम’चं ‘गांव’ झालं ते असंच. म्हणजे टिंब ही हरवलेल्या ‘म’ची खूण. ‘दन्त’वरून ‘दांत’, ‘पञ्च’वरून ‘पांच’, तिथेही टिंबात जुनं अनुनासिक जपलेलं होतं. होडीचा शब्द मात्र ‘नौ’वरून आला. त्यात ‘म’ कधी नव्हताच, मग टिंब कशाला असेल?

पुढे प्रमाण बोलीतून हा नाकातला उच्चार गेला. कोकणात आणि गोव्याच्या कोंकणीत ‘नांव’ आजही नाकातून ऐकू येतं. पण इतर मुलांना न ऐकू येणारी टिंबं घोकून पाठ करावी लागत. अखेर मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार लिहू नयेत, असं ठरलं. हा निर्णय चुकीचा होता, असं आम्ही म्हणणार नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं त्याने खरोखरच उतरवलं.

पण थोडी किंमतही पडली. जुन्या लेखनात ‘ती आली’ म्हणजे एक बाई आली, आणि ‘तीं आलीं’ म्हणजे मुलं आली, अनेक. आज दोन्ही ‘ती आली’. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना टिंबं सरसकट पुसली, तर दारात एक माणूस आला की चार, हेच वाचकाला कळायचं नाही. म्हणून जुना मजकूर छापताना तो होता तसाच ठेवावा, असं आपण धरून चालू.

आणि एक गैरसमज दूर करू या. ‘टिंबं गेली’ म्हणजे सगळी गेली असं नाही. अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा अनुस्वार नियमांनी राखलेला आहे. तरी तोही आपण हल्ली गाळतो. मृत्युपत्रात ‘जमीन मुलाच्या नावे’ लिहिलं काय आणि ‘मुलांच्या नावे’ लिहिलं काय, सारखंच का? पहिल्यात एक वारस, दुसऱ्यात सगळी भावंडं. भाऊ-भाऊ कोर्टाची पायरी चढायला एवढं टिंब पुरतं.

तेव्हा मंडळी, गेलेल्या टिंबाचा इतिहास माहीत असू द्या आणि राहिलेलं टिंब जागच्या जागी द्या. आज इथेच थांबू.