जिल्हा पोलिसांतील नाईक, जमादार व फौजदार : त्यांच्या शिक्षणाचा पूर्वेतिहास

मुंबई इलाख्यांतील पोलीस अंमलदारांच्या शिक्षणाचा आरंभ इ. स. १९०६ मध्यें पुण्याजवळ भांबुर्डे येथें निघालेल्या शाळेपासून धरण्याचा प्रघात आहे. ही शाळा १९०९ सालीं नाशकास नेण्यांत आली आणि तिचेंच रूपांतर होत होत आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी झाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. इमारत, हजेरीपट व परीक्षा यांनाच शिक्षण म्हणावयाचें असेल तर या सनावळीस कोणी हरकत घेणार नाहीं. परंतु चार-सहा शिपाई हाताखालीं घेऊन, वरिष्ठ साहेबापासून कित्येक कोस दूर, आडवळणाच्या चौकींत बसणाऱ्या माणसानें हुकूम कसा द्यावा, आपल्या माणसांस आवरावें कसें आणि गांवचा विश्वास कसा राखावा, ही विद्या त्या शाळेच्या पुष्कळ आधीं या प्रांतांत कोठें ना कोठें शिकविली जात होती. ती कोण शिकवी, कोणास शिकवी आणि शाळा निघाल्यावर तिचें काय झालें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. मोठ्या साहेबांचीं चरित्रें पुष्कळ आहेत. शिपायाबद्दलच्या गाऱ्हाण्यांसही चौकशी-मंडळांच्या अहवालांत जागा मिळालेली आहे. मधल्या नाइकाची व जमादाराची मात्र फारशी वास्तपुस्त कोणी केलेली नाहीं.

पेशवाईच्या अखेरीस गांवचा बंदोबस्त कसा चाले याचें वर्णन एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत केलें आहे. बंदोबस्ताचा मुख्य पाटील. त्याच्या मदतीस चौगुला व कुळकर्णी. पहाऱ्यास व माग काढण्यास महार, आणि मुलखाप्रमाणें रामोशी अथवा भिल्ल. चोरी झाली म्हणजे जागल्यानें पावलांचा माग धरावयाचा, तो शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन तेथील जागल्याच्या स्वाधीन करावयाचा, आणि ज्या गांवच्या हद्दींत माग खुंटला त्या गांवानें चोर काढून द्यावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें, अशी वहिवाट होती. या वहिवाटींत कवाईत नव्हती, लेखी हुकूमही नव्हता. तरी शिवेवर उभें राहून दुसऱ्या गांवच्या माणसांकडून हें पाऊल आमच्या हद्दींत शिरलें असें कबूल करून घेणें हें नुसत्या नजरेचें काम नव्हे. त्यास शब्दाचें वजन लागे. तें वजन बापाच्या पाठीमागून रात्रीं गस्त घालतां घालतां मुलाच्या अंगीं येई. वतन हाच पगार आणि वतन हीच शाळा. तथापि या व्यवस्थेचें उगीच गोडवे गाण्याचेंही कारण नाहीं. रखवालीचा हक्क घेणारा आणि तो न मिळाल्यास दरोडा घालणारा नाईक हे पुष्कळदां एकच असत, आणि हें त्या काळचे कारभारी पुरतेपणीं जाणून होते.

म्हणूनच बंडखोर नाइकासच बंदोबस्तास लावण्याची युक्ति पेशवाईंत रूढ होती. महादेव कोळ्यांपैकीं जावजी बांबळे यानें सह्याद्रींतील किल्ले बळकावून सरकारास बेजार केलें, तेव्हां तुकोजी होळकराच्या मध्यस्थीनें त्यास माफी मिळून साठ गांवांचा बंदोबस्त त्याजकडे सोंपविण्यांत आला. इंग्रजांनीं हीच युक्ति उमाजी नाइकाविषयीं करून पाहिली. १८२८ च्या सुमारास त्यास क्षमा करून, जमीन व पगार देऊन चाकरींत घेतलें. परंतु हा सलोखा फार दिवस टिकला नाहीं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यांत उमाजीस फांशीं देण्यांत आलें. रामोश्यांविषयीं कॅप्टन मॅकिंतोशचें जें पुस्तक १८३३ मध्यें प्रसिद्ध झालें तें वाचतां असें वाटतें कीं, सरकारास नाइकाचा दरारा पाहिजे होता, पण तो दरारा ज्या हक्कांवर उभा होता ते हक्क मान्य करण्याची त्याची तयारी नव्हती. पुढच्या शंभर वर्षांच्या गोष्टीचें सूत्र यांतच आहे.

याच्या उलट खानदेशांतील प्रयोग. १८१८ पासून सात वर्षें भिल्लांवर पलटणी पाठवून झाल्या. डोंगरांतील तापानें शिपाई खंगले, नाईक पकडले गेले आणि त्यांच्या जागीं दुसरे नाईक उभे राहिले. तेव्हां १८२५ सालीं एल्फिन्स्टनच्या सरकारनें धोरण बदलून भिल्लांकरितां स्वतंत्र एजंट नेमले, व भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रामकडे दिलें. त्याची सुरुवात धरपकडींत हातीं लागलेल्यांपैकीं नऊ जणांवर झाली. तो त्यांच्याबरोबर शिकारीस जाई, त्यांच्या मेजवानींत बसे आणि त्यांच्यामध्यें बिनपहाऱ्याचा राही. एकत्र जमवून आपणांस कापून काढण्याचा हा डाव आहे असा संशय त्या लोकांस होता, आणि मागील सात वर्षांचा अनुभव पाहतां तो अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. हा संशय घालविण्यास जी गोष्ट विशेष उपयोगीं पडली ती लहानशीच आहे. मालेगांवच्या छावणींत औट्रामच्या मूळ पलटणींतील उच्च जातींच्या शिपायांनीं या नव्या भरतीची थट्टा न करतां तिला पानसुपारी दिली. ज्या माणसास पुढें हवालदार म्हणून दुसऱ्यांवर अंमल चालवावयाचा आहे त्यास आधीं चारचौघांत मान मिळाला पाहिजे, हें कवाइतीच्या कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नव्हतें. औट्राम १८३५ पर्यंत खानदेशांत होता. धरणगांव येथें ठाणें असलेली ही पलटण त्याच्यामागें पुष्कळ वर्षें चालली व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्हा पोलिसांत मिळून गेली.

आतां अहमदनगर जिल्ह्याकडे वळूं. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला; त्यापूर्वीं सिन्नराकडील मुलूख नगरच्याच कलेक्टराखालीं मोडत असे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. नगरच्या पोलिसांत भागोजी नाईक नांवाचा एक भिल्ल अंमलदार होता. १८५५ मध्यें दंगा केल्याबद्दल व पोलिसांस अडथळा केल्याबद्दल त्यास कैदेची शिक्षा झाली. सुटून आल्यावर वर्षभर नीट वागण्याबद्दल त्याजकडे जामीन मागण्यांत आला. कालपर्यंत जो दुसऱ्यांचे जामीन घेत होता त्यास आपल्याच गांवीं जामीन शोधीत हिंडावें लागलें, ही गोष्ट गॅझेटियरकारानें एका ओळींत उरकली आहे. पण माझ्या मतें सर्व प्रकरणाची मेख तेथेंच आहे. १८५७ सालीं भागोजी गांव सोडून निघाला, पन्नासेक माणसें त्यास मिळालीं, आणि नांदूर-शिंगोटें येथें पुणें-नाशिक रस्त्याच्या माऱ्याच्या टेंकडीवर तो जाऊन बसला. जागेची ही निवड पाहिली म्हणजे, सरकारी टपाल व फौज कोणत्या वाटेनें जाते हें ज्यास चाकरींत राहून कळलें होतें अशा माणसाचें हें काम आहे, हें सांगावयास नको. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री त्याजवर चालून गेला आणि त्या चकमकींत मारला गेला. त्यानंतर राहुरीकडे पाथर्जी नाइकानें शंभरएक भिल्ल गोळा केले. त्यांची लवकरच पांगापांग झाली. भागोजी मात्र दोन वर्षें हातीं लागला नाहीं. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजीं सिन्नर तालुक्यांत मिठसागर येथें सूटर यानें त्यास गांठलें व तेथेंच तो लढून पडला. हाच सूटर पुढें मुंबई शहराचा पोलीस कमिशनर झाला.

भागोजीच्या पाठलागासाठींच नगर-नाशिकच्या डोंगरांत १८५७ च्या अखेरीस कॅप्टन नटॉलच्या हाताखालीं कोळ्यांची एक पलटण उभी राहिली. १८५८ च्या जानेवारीपर्यंत शंभरावर माणसें स्वतःच्याच तरवारी-बंदुका घेऊन कामास लागलीं, आणि पुढें ही संख्या वाढत वाढत सहाशेंवर गेली. डोक्यास गडद हिरवें पागोटें, अंगांत हिरवी बंडी, गुडघ्यापर्यंत तांबडें धोतर, पाठीवर सर्व सामान. तंबू नाहीं कीं ओझ्याचीं जनावरें नाहींत. आठवड्यांमागून आठवडे रोज तीस मैल चालण्याची या लोकांस संवय होती. त्यांस कवाईत शिकविण्यास माणसें आणलीं तीं नगरच्या पोलिसांतून. म्हणजे ज्या पोलिसांत भागोजी वाढला तेथलेच शिक्षक त्याला पकडणाऱ्यांस शिकवूं लागले! कवाइतीपैकींही डोंगरांत पांगून लढण्यापुरता भाग तेवढा घेतला, बाकीचा सोडून दिला.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट मधल्या अंमलदारांच्या निवडीची. पलटणींतील कोळ्यांचा मुख्य नेमला तो जावजी नाईक बांबळे, म्हणजे ज्या कुळांतील दुसऱ्या एका जावजीस पेशव्यांनीं साठ गांवें सोंपविलीं होतीं त्याच कुळांतला. आणि जमादारांपैकीं एक निवडला तो राघोजी भांगऱ्याचा भाऊ. राघोजीस १८४८ मध्यें ठाण्यास फांशीं दिलें होतें, त्यास पुरतीं दहा वर्षेंही लोटलीं नव्हतीं. ज्या घरांतील माणूस सरकारनें टांगला त्याच घरांतील दुसऱ्याच्या हातीं सरकारी हत्यार देणें यास नटॉलचें धाडस म्हणा कीं गरज म्हणा. त्या जमादाराच्या शौर्याची व हुषारीची इंग्रज लेखकांनीं पुढें वाखाणणीच केली आहे. येथें सरकारनें पुढारी घडविला नाहीं. लोकांनीं आधींच मानलेला पुढारी त्यानें ओळखला व त्यास जरूर तेवढी शिस्त लावली. मार्च १८६१ मध्यें पलटण मोडली. थोडे लोक पोलिसांत शिरले, बाकीचे नांगराकडे परतले.

त्याच १८६१ सालीं हिंदुस्थानच्या पोलिसांचा कायदा झाला. मुंबई इलाख्याचा मार्ग मात्र थोडा निराळा होता. सिंधमध्यें नेपियरनें १८४३ नंतर आयर्लंडच्या धर्तीवर जें पोलीस दल उभारलें होतें, तें पाहून येथें १८५३ पासून जिल्ह्यास सुपरिंटेंडेंट व तालुक्यास मामलेदाराच्या जोडीला स्वतंत्र पोलीस अंमलदार नेमण्यांत आला. पुढें त्यास चीफ कॉन्स्टेबल म्हणूं लागले. लोकांच्या तोंडीं तो फौजदारच राहिला. गांवचा पाटील १८६७ च्या गांव-पोलीस कायद्यानें कायम झाला आणि जिल्हा दलास १८९० मध्यें स्वतंत्र कायदा मिळाला. कायदे येणेंप्रमाणें होत गेले. अंमलदाराचें शिक्षण मात्र चौकींतल्या चौकींतच राहिलें. शिपायाचा हवालदार होई, हवालदाराचा फौजदार होई, आणि वरच्याचे गुण व खोडी दोन्ही खालच्यास वारशानें मिळत.

या वारशांतील खोडींचा झाडा १९०२-०३ च्या पोलीस कमिशननें घेतला. सर अँड्र्यू फ्रेझर हे अध्यक्ष. सभासदांत मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश कँडी व दरभंग्याचे महाराज होते. लांचलुचपत, जुलूम, शिक्षणाचा अभाव आणि देखरेखीचा दुबळेपणा हे दोष कमिशननें स्पष्ट शब्दांत मांडले, आणि ते खरेच होते. गरीब रयतेस कायदा म्हणजे हवालदाराची मर्जी असा अनुभव ठिकठिकाणीं येत होता. उपाय सुचविला तो असा कीं, ठाण्याचा अंमलदार शिकलेल्या वर्गांतून थेट भरावा, त्यास प्रांताच्या शाळेंत तयार करावें, खालून वर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी, आणि शिपायाकडे विचाराचें काम न देतां हुकुमाचें द्यावें. १९०५ मध्यें सरकारनें यांतील बहुतेक शिफारशी मान्य केल्या आणि भांबुर्ड्याची शाळा निघाली ती या ठरावाच्या पोटीं.

शाळेचा फायदा झाला हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पिनल कोड, पुराव्याचा कायदा आणि १८९८ चा फौजदारी कामाचा कायदा पाठ असलेला फौजदार कोर्टांत तरी तोंडघशीं पडेना. पण एक दुवा निसटला. फौजदारास शाळा मिळाली. शिपायास कवाईत मिळाली. दोहोंच्या मधला, दूरच्या चौकीचा खरा धनी जो हवालदार, त्यास वर जाण्याची वाट मात्र अरुंद झाली. ज्यास बढतीची आशा नाहीं आणि ज्याची विद्या कोणी विद्या म्हणून मोजीत नाहीं, त्यानें आपल्या हाताखालच्या शिपायांस काय शिकवावें? दुसरीकडे, ज्या जमातींनीं माग काढण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या केलें होतें त्यांपैकीं कित्येकांस १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं हजेरी देण्यास उभें करण्यांत आलें. हजेरी घेणारा बहुधा तोच चौकीवरचा हवालदार असे. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्यें रद्द झाला. त्यानें लावलेला डाग इतक्या लवकर धुतला गेला नाहीं.

स्वतंत्र हिंदुस्थान सरकारनें पोलिसांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठीं प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व तिचा अहवाल १९७३ मध्यें आला. कायदा व कवाईत यांच्याइतकेंच अंमलदाराच्या वृत्तीस व लोकांशीं वागण्याच्या रीतीस महत्त्व द्यावें, असें तीत प्रतिपादन आहे. त्याच्या अगोदरच पाटलांचें वतन गेलें होतें आणि १९६७ च्या कायद्यानें पोलीस-पाटील हा नेमणुकीचा अधिकारी झाला होता. म्हणजे वतनाच्या शाळेचा शेवटचा वर्गही बंद झाला, त्यानंतर तेथील विषय अभ्यासक्रमांत घेण्याची सूचना झाली.

वरील विवेचनास आधार बहुतांशीं इंग्रजी अहवालांचा आहे, आणि ते अहवाल सुपरिंटेंडेंटाच्या टेबलावरून लिहिलेले आहेत. जमादाराच्या खाटेवरून पाहिलेला इतिहास निराळा दिसेल. अकोलें, जुन्नर, सिन्नर, पुरंदर व खानदेश या भागांत जुन्या नाईक-जमादारांचीं घराणीं अद्याप नांदत आहेत. नेमणुकीचीं पत्रें, पगाराच्या सनदा, चौकीचे रोजनामे, बढती नाकारल्याचे अर्ज, असें कांहीं त्यांच्या पेट्यांतून असल्यास त्यांनीं तें वाळवीच्या स्वाधीन न करतां मंडळाकडे पाठवावें, निदान नकल तरी घेऊं द्यावी. कागद तपासून जसेच्या तसे परत केले जातील.