तोळा आणि थेंब

मादक पदार्थांचा इतिहास सांगतांना राजे, मक्तेदार, कायदे आणि कर यांचाच विचार बहुधा होतो. त्या दुकानाच्या पायरीवर आजारी किंवा रडतें मूल कडेवर घेऊन उभी राहिलेली आई त्या इतिहासांत क्वचितच दिसते. वास्तविक गांजा, भांग व अफू यांचा घरादाराशीं जो संबंध आला तो केवळ चिलमीच्या धुरांतून आला नाहीं. मुलाच्या जिभेवर ठेवलेल्या गोळीवाटें आणि औषधाच्या थेंबावाटेंहि तो आला. त्या आईला दुकानांत काय मिळालें आणि काय मिळालें नाहीं, एवढाच प्रस्तुत विषय आहे.

आरंभ मराठवाड्यापासून करणें सोयीचें. हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता आणि शेजारचे लोक त्यास मोगलाई म्हणत. नांदेड हें जिल्ह्याचें ठाणें. लातूर हें तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील बाजाराचें गांव. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडावरून गेला आणि १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी लातुरास पोंचली. मादक मालाचा व्यापार सरकारी परवान्यानें किंवा मक्त्यानें चाले. १३१६ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०६-०७ चा हैदराबाद अबकारी कायदा हा या कारभाराचा एक मुख्य आधार होता. नांदेडच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागे आणि तेथें १८५३ पासून इंग्रजांचा अंमल. लातुराहून सोलापुराकडे गेलें कीं मुंबई इलाखा. एका तीरावर एक कायदा, दुसऱ्या तीरावर दुसरा. तत्त्व मात्र दोहींकडे एकच होतें: माल तोळ्यानें मोजावा आणि सरकारचा कर बुडूं नये. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमांहून थोडें अधिक. मूल किती महिन्यांचें आहे, हा प्रश्न त्या तागडींत बसत नव्हता.

मराठी आईला प्रमाण कळत नव्हतें, असें मात्र कोणी समजूं नये. तान्ह्या मुलास गुटी देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, अतिविष हीं सहाणेवर उगाळावयाचीं. कोणत्या वस्तूचे किती वेढे द्यावयाचे हें ठरलेलें असे आणि मूल वाढेल तसे वेढे वाढत. ही मोजणी आजीकडून आईकडे येई. सारी गुटी निर्दोष होती असें नव्हे. परंतु वय पाहून मात्रा ठरवावयाची, हें तत्त्व तींत होतें. अफूची तयार गोळी घरांत आली तेव्हां हें तत्त्व सुटलें. गोळींत अफू किती, हें विकत घेणारीस दिसत नव्हतें आणि विकणारा सांगत नव्हता.

या गोळीस मुंबईंत ‘बाळगोळी’ असें गोजिरें नांव होतें. १९२१ च्या सुमारास मुंबई सरकारनें डॉ. श्रीमती बार्न्स यांस गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यास नेमलें. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत असें आढळलें कीं, या स्त्रियांच्या दर १०० तान्ह्या मुलांपैकीं ९८ मुलांना अफू दिली जात होती. कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या या स्त्रिया निर्दय होत्या काय? मुळींच नाहीं. १९२२ च्या कारखाने कायद्यानेंहि आठवड्याला ६० तासांपर्यंत काम घेतां येत होतें. चाळीच्या खोलींत मुलाजवळ बसावयास कोणी नाहीं आणि भोंगा तर वाट पाहात नाहीं. मूल दिवसभर झोंपलें, तरच त्याच्या आईची मजुरी वांचे. अफूनें मूल झोंपे, पण भुकेनें रडावयाचेंहि विसरे. तें दूध कमी पिई आणि वाळत जाई. गोळी थोडी मोठी झाली तर श्वासच मंदावे.

हा प्रश्न मुंबईपुरता नव्हता. बांधावरच्या झोळींत मूल निजवून दिवस मावळेपर्यंत खुरपणी करणाऱ्या स्त्रीची अडचणहि याच जातीची होती. तान्ह्यांना अफू देण्याची चाल हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांत होती आणि लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील १८९३-९५ च्या अफू आयोगापुढेंहि तिचा विषय निघाला होता.

मुंबईंत उपाय कोठून आला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. स्त्री-कामगारांस बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा यासाठीं मुंबईच्या कायदेमंडळांत विधेयक आलें. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्याच्या बाजूनें भाषण केलें आणि १९२९ सालीं कायदा झाला. १९३४ च्या कारखाने कायद्यानें प्रांतिक सरकारांस अधिकार दिला कीं, ५० हून अधिक स्त्रिया जेथें काम करतात तेथें ६ वर्षांखालील मुलांसाठीं खोली राखण्याचा नियम करावा. म्हणजे अफूच्या गोळीविरुद्ध खरें औषध दुकानाबाहेर सांपडलें: आईला थोडी उसंत आणि मुलाला एक खोली.

अफूची गोष्ट येथवर. गांजा व भांग यांची वाट थोडी वेगळी आहे. १८९३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें गांजा-भांगेच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. आयोगानें १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदविलें आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल दिला. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गांजाच्या लागवडीपासून वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींपर्यंत सारें त्यांत तपासलें आहे. ‘गांजानें वेड लागलें’ अशा पुष्कळ नोंदी पुरेशा पुराव्यावांचून केलेल्या होत्या, असेंहि त्यांस आढळलें. माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं, अतिसेवन मात्र घातक आहे. सबब सर्वस्वी बंदी नको, परवाने, कर आणि जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा असावी, असा त्यांचा निर्णय झाला. दोघां हिंदी सभासदांनीं भिन्न मत नोंदविलें. चौकशी मोठी खरी. पण तिचा मुख्य प्रश्न व्यसनाचा आणि महसुलाचा होता. औषध म्हणून तें किती द्यावें, हा प्रश्न तिच्या कडेलाच राहिला.

तो प्रश्न अर्धशतकापूर्वीं कलकत्त्यास एकानें विचारला होता. डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे आयर्लंडचे. १८३५ सालीं स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजांत ते रसायनशास्त्राचे अध्यापक होते. पंडित मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या जाणत्यांकडून त्यांनीं भांगेविषयींचें जुनें ज्ञान घेतलें. आयुर्वेदांत तिला विजया म्हणतात आणि शार्ङ्गधरसंहितेंत तिचा औषधी उल्लेख आहे. ओशॉनेसी यांनीं प्रथम जनावरांवर प्रयोग केले, नंतर रोग्यांवर, आणि १८३९ सालीं आपला निबंध वाचला. त्यांतील एक हकीकत चाळीस दिवसांच्या मुलीची आहे. तिला वारंवार आंचके येत. नेहमींचे उपाय हरले तेव्हां त्यांनीं गांजाचा अर्क तिच्या जिभेवर घातला. आरंभ एका थेंबानें केला. परिणाम पाहावयाचा आणि मगच थेंब वाढवावयाचे. आंचके थांबले आणि मुलगी बरी झाली. त्या नोंदींत तिच्या आईबापांचीं केवळ आद्याक्षरें आहेत. एका मुलीवरून सिद्धान्त होत नाहीं, हें खरें. परंतु मूल पाहून थेंब मोजणें आणि तें लिहून ठेवणें, ही या वनस्पतीच्या इतिहासांतील नवी गोष्ट होती.

मग हें औषध मागें कां पडलें? पुढें तें विलायतेच्या औषधसूचींत गेलें आणि १८९० सालीं रसेल रेनॉल्ड्ससारख्या नामांकित वैद्यानें त्याची वाखाणणी केली. पण एका बाटलींतला अर्क झणझणीत तर दुसरींतला निस्तेज, असा अनुभव वारंवार येई. झाड कोठलें, माल किती जुना, यावर जोर अवलंबून; आणि जोर देणारें द्रव्य कोणतें हेंच ठाऊक नव्हतें. थेंब मोजले तरी थेंबांत काय आहे हें मोजतां येत नव्हतें. १९२५ च्या जिनीव्हा येथील करारानें गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आला आणि १९३२ सालीं तो ब्रिटिश औषधसूचींतून गेला. गंमत अशी कीं, औषधाचा दरवाजा बंद झाल्यावरच त्याची किल्ली हातीं आली. १९४० सालीं अमेरिकेंत रॉजर ॲडम्स यांनीं कॅनाबिडिऑल हें द्रव्य वेगळें केलें. १९६४ सालीं इस्राएलमध्यें गाओनी व मेशूलाम यांनीं नशा आणणारें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. ज्यानें नशा येते आणि ज्यानें येत नाहीं, अशीं दोन द्रव्यें एकाच झाडांत निरनिराळीं आहेत, हें आतां उलगडलें.

इकडे मराठवाड्याचें राज्य पालटलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली; १९५६ सालीं हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आले. लातूर १९८२ सालीं स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाड्यासहि लागू झाला आणि त्याचा अंमल भांगेवरहि आहे. १९८५ च्या मध्यवर्ती कायद्यानें गांजा, म्हणजे या झाडाचे फुललेले शेंडे, निषिद्ध केले. शेंड्यांवांचूनचीं पानें व बी मात्र त्या व्याख्येंतून वगळलीं. तोळ्याचें दुकान गेलें. मुलाच्या आंचक्यांनीं गांजलेली आई मात्र कोठेंच गेली नव्हती.

ती पुन्हां दिसली ती अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत. तेथें २००० सालच्या लोकमतानें वैद्याच्या शिफारशीवर गांजा घेण्यास मुभा मिळाली होती. शार्लट फिगी या मुलीस ड्रावे नांवाचा दुर्धर आंकडीचा रोग होता; आठवड्यास सुमारें ३०० झटके येत आणि कोणतेंच औषध चालेना. २०१२ सालीं, ती पांच वर्षांची असतां, तिची आई पेज फिगी हिनें दोन वैद्यांच्या सह्या मिळविल्या आणि डेन्व्हरच्या एका परवानाधारक गांजाच्या दुकानांतून, नशेचें द्रव्य थोडें व कॅनाबिडिऑल अधिक असलेला माल आणला. त्याचें तेल काढविल्यावर तें प्रयोगशाळेंत तपासून घेतलें आणि मग अगदीं अल्प मात्रेनें आरंभ केला. झटके महिन्यास दोनतीनांवर आले. २०१३ सालीं ही हकीकत दूरचित्रवाणीवरून जगभर गेली. शार्लट २०२० सालीं, तेराव्या वर्षीं वारली. पण तिच्यासारख्या मुलांसाठीं प्रयोगाची वाट खुली झाली होती.

त्या वाटेवरचा मुख्य प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ड्रावे रोगाच्या १२० मुलांपैकीं व तरुणांपैकीं कांहींस शुद्ध कॅनाबिडिऑल, कांहींस निरुपद्रवी द्रव दिला. औषध घेणाऱ्यांत महिन्यांतील झटक्यांचा मध्यांक १२.४ वरून ५.९ वर आला. दुसऱ्या गटांत १४.९ वरून १४.१. मात्रा होती दर किलो वजनास रोज २० मिलिग्रॅम. गुंगी, अतिसार, वांति, यकृताच्या तपासणींत बिघाड, हे दोषहि त्याच अहवालांत नोंदले आहेत. २५ जून २०१८ रोजीं अमेरिकन सरकारनें दोन प्रकारच्या दुर्धर आंकडीसाठीं हें औषध मान्य केलें. चाळीस दिवसांच्या मुलीच्या जिभेवर पडलेल्या त्या थेंबाचा हिशेब पुरा व्हावयास १७९ वर्षें लागलीं.

या इतिहासाचा बोध आजच्या घरांसाठीं सोपा आहे. हें औषध मूळ झाडाचेंच, म्हणून भांगेची पानें घरीं वाटून मुलास द्यावीं, असा त्याचा अर्थ मुळींच नाहीं. पानांत नशेचें द्रव्य असतें, तें किती हें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि लहान मुलास त्यानें विषबाधा होऊं शकते. आपल्या देशांत भांग ही आयुर्वेदीय विषारी द्रव्यांच्या कायदेशीर यादींत आहे. तिच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालींच घ्यावें’ ही सूचना छापावी लागते. नांदेड येथें व लातूर येथें आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें मूल घेऊन जाणाऱ्या आईनें, औषध कोणतेंहि असो, तीन प्रश्न निःसंकोच विचारावे: यांत नेमकें द्रव्य कोणतें, माझ्या मुलाच्या वजनास तें किती, आणि चालूं असलेल्या औषधाबरोबर तें चालतें काय? मोगलाईंतल्या दुकानदारास या तिहींपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां आलें नसतें. आजच्या डॉक्टरास तें देतां येतें, आणि तें मागून घेण्याचा हक्क आईचा आहे.