नाटक नव्हे, मुकालमा

काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातल्या एका निवासी मदरशाच्या सालाना जलशाला गेलो होतो. किरात झाली, नात झाली, पाहुण्यांच्या लांबलचक तकरिरी झाल्या. मंडपातली अर्धी मंडळी पेंगू लागली, तेव्हा दहा-बारा वर्षांची दोन मुले माईकसमोर आली. एक झाला बाप, दुसरा मुलगा. बापाला पोराला मदरशातून काढून मोसंबीच्या बागेत कामाला लावायचे होते, पोराला शिकायचे होते. बाप झालेल्या मुलाने कमरेवर हात ठेवून अस्सल आपल्याकडच्या दखनीत ‘मेरेकू नक्को तेरा पढना-लिखना’ असे काही सुनावले की मागे बसलेले खरेखुरे बाप खदखदून हसले. आणि थोड्या वेळाने, पोराचे बोलणे ऐकताना, तेच बाप गप्प झाले.

जलसा संपल्यावर मुलांना शिकवणाऱ्या मौलाना साहेबांना म्हणालो, “नाटक फार छान बसवलंत.” ते दचकलेच. “नाटक नाही हो, मुकालमा,” म्हणाले.

मुकालमा म्हणजे संवाद. मुलांना पात्रे वाटून दिली होती, संवाद पाठ करून घेतले होते. कुठे थांबायचे, आवाज कुठे चढवायचा, एकमेकांकडे पाहायचे की लोकांकडे, हे पंधरा दिवस घोटून घेतले होते. पडदा आणि रंग सोडले तर नाट्यशिक्षणात जे असते ते सगळे तिथे होते. नव्हता तो फक्त ‘नाटक’ हा शब्द. मौलाना साहेबांचे दचकणे माझ्या डोक्यात राहिले. हा लेख त्या दचकण्याचा इतिहास शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

नाटकाबद्दल आपल्या समाजात जो संकोच आहे, त्यामागे काही दिनी आक्षेप आहेत. पैगंबरांची आणि बुजुर्गांची सोंगे आणू नयेत, पुरुषाने बाईचे रूप घेऊ नये, खेळाच्या नादात नमाज चुकू नये, हे ते आक्षेप. त्यांचा मान ठेवूनही मुले रंगमंचावर उभी राहू शकतात, हे त्या रात्री मौलाना साहेबांनीच दाखवून दिले होते. पण ‘मुसलमानांचा आणि सोंगाचा संबंधच नाही’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते इतिहासाला धरून नाही. तेराव्या शतकात मोसुलहून कैरोला आलेला इब्न दानियाल हा डोळ्यांचा वैद्य होता आणि सावल्यांच्या खेळांसाठी नाटके लिहीत होता. त्याची तीन नाटके आजही उपलब्ध आहेत. इतक्या लांब कशाला जायचे? मराठवाड्यातल्या गावागावांत मोहरममध्ये अंगाला पट्टे रंगवून वाघ होणारी, नवसाने फकीर होणारी पोरे काय करत होती? त्यातली निम्मी हिंदूंच्या घरची असायची, हा भाग वेगळा. पेशवाईतला सगनभाऊ हा तमाशाचा नामांकित शाहीर शिकलगार मुसलमान होता. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल अमर शेख या नावाने उभ्या महाराष्ट्राला गाऊन जागवत होता. बालगंधर्वांच्या नाटकात तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. मराठी रंगभूमीच्या आवाजात आपला आवाज आधीपासून मिसळलेला आहे.

प्रश्न कलावंतांचा नाही, शाळेचा आहे. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला कुणी हेतुपूर्वक रंगमंचावर उभे केले का? केले असेल तर का?

याचे मला सापडलेले सर्वांत ठळक उत्तर जामिया मिल्लिया इस्लामियाचे आहे. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये ही संस्था सुरू झाली, ती सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजकडे पाठ फिरवूनच. १९२५ मध्ये ती दिल्लीत करोलबागेत आली. पुढच्या वर्षी जर्मनीहून शिकून तीन तरुण तिथे दाखल झाले: झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब. संस्थेकडे पैसा नव्हता. वीस वर्षे इथेच काम करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही, अशी शपथ शिक्षकांनी घेतली होती. राष्ट्रीय चळवळीच्या पुस्तकांत ही शपथ नेहमी सापडते. त्याच शपथेतल्या लोकांनी नाटके लिहिली, हे मात्र क्वचित सांगितले जाते.

मुजीब साहेब इतिहासाचे अभ्यासक होते, पुढे जामियाचे कुलगुरू झाले. १९३१ मध्ये त्यांनी ‘खेती’ हे नाटक लिहिले. मग ‘अंजाम’, ‘खानाजंगी’, १८५७ वरचे ‘आजमाइश’ अशी ती रांग पुढे गेली. आबिद हुसेन यांचे ‘पर्दा-ए-गफलत’ त्याच्याही आधीचे. याच आबिद हुसेन यांनी गटेचे ‘फाउस्ट’ उर्दूत आणले आणि ते अंजुमन तरक्की-ए-उर्दूने छापले. आपल्या वाचकांनी इथे जरा थांबावे. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांची ही अंजुमन त्या काळात औरंगाबादेत होती. म्हणजे जर्मन भाषेतले जगप्रसिद्ध नाटक उर्दूत येताना जालन्यापासून पंधरा-वीस कोसांवरून आले. आज औरंगाबादच्या किती उर्दू शाळांत हे सांगितले जात असेल, मला शंका आहे.

जामियाची शाळा निवासी होती. मुलांची स्वतःची बँक होती, दुकान होते, त्यांचे ‘राज्य’ होते. १९३० च्या दशकात गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मन यहुदी बाई तिथे आली आणि लहान मुलांत रमली. मुले तिला आपाजान म्हणत. १९४३ मध्ये ती वारली, तिची कबर जामियाच्या कब्रस्तानातच आहे. नाटक हा अशा या शाळेत गॅदरिंगपुरता आणलेला पाहुणा नव्हता. हाताने काम करायचे, बाजारहाट करायचा, निवडणूक लढवायची, तसेच दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलूनही पाहायचे, अशी त्यामागची समज होती. जर्मनीत तेव्हा शिक्षणाचे जे नवे वारे वाहत होते, ते या तिघांनी सोबत आणले होते. पण मुले होती दिल्लीची, बिहारची, हैदराबादची आणि भाषा होती त्यांच्या घरची.

१९५४ मध्ये याच आवारात हबीब तन्वीर यांनी ‘आग्रा बाजार’ उभे केले. निमित्त नजीर अकबराबादी यांच्या स्मरणदिनाचे. नट होते जामियाचे विद्यार्थी आणि शिक्षक, शिवाय शेजारच्या ओखला गावातली साधी माणसे. त्या नाटकात एका काकडीवाल्याची काकडी काही केल्या खपत नाही. आपल्या काकडीवर कुणी कविता करून देईल का, म्हणून तो वणवण फिरतो आणि नजीर ती करून देतो. गंमत अशी की खुद्द नजीर नाटकात कुठेच दिसत नाही, दिसतो तो फक्त बाजार. भारतीय रंगभूमीवर गाजलेले हे नाटक कुठल्या थिएटरात जन्मले नाही, एका मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या आवारात जन्मले. गावकरी आणि विद्यार्थी यांना एका रंगमंचावर उभे करण्याची हिंमत तिथे आधीच्या पंचवीस वर्षांनी तयार केली होती.

आता मराठवाड्यात येऊ.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आपल्या घरांत या घटनेला अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि आवाज खाली आणून म्हणतात. रझाकारांचा अन्याय खरा होता, आणि त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमानांवर जे गुदरले, तेही खरे होते. उर्दूतून शिकून सरकारी नोकरीची वाट पाहणारी एक पिढी रातोरात निरुपयोगी ठरली. ‘जालना, सोने का पालना’ म्हणणाऱ्या शहरातले मुसलमान हळूहळू हातगाडीवर आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर गेले. त्या पिढीने मुलांना एक गोष्ट नीट शिकवली: चार लोकांत फार बोलू नको.

याच मराठवाड्यात, पोलीस ॲक्शनला दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. जालना, अंबड, भोकरदन हे भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच शिकणारी दलित मुले वसतिगृहात राहू लागली. कॉलेजचे नाव ज्या मिलिंद राजावरून, तो भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा. परिसराला नाव नागसेनवन. ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथच सवाल-जवाबांचा. आपल्या भाषेत सांगायचे तर मुकालमाच.

१९५५ मध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी ‘युगयात्रा’ लिहिले. अस्पृश्यांच्या दुःखाचा युगायुगांचा प्रवास असा त्याचा विषय. नट अर्थातच विद्यार्थी. खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळीही ते अफाट जनसमुदायासमोर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या नाटकापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

‘युगयात्रा’कडे मी नाट्यशिक्षणाच्या बाजूने पाहतो. गावात ज्याला पाटलाच्या वाड्यासमोर मान वर करता येत नव्हती, तो मुलगा प्रकाशात उभा राहून, पाठीचा कणा ताठ ठेवून, शेकडो लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला शिकतो. कुणी म्हणेल हे भाषणानेही जमते. जमते, पण भाषणात तो स्वतः असतो आणि चुकला तर त्याचीच फजिती होते. नाटकात तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलतो. भित्र्या माणसाला सुरुवातीला अशी एक आड लागते. तिच्या आडून तो आधी आवाज शोधतो, मग कधीतरी आड बाजूला सारतो. चिटणीस स्वतः दलित नव्हते. तरी मुलांना काय लागेल ते या शिक्षकाने ओळखले, हे त्यांचे मोठेपण.

मिलिंदच्या मागे जमीनही तयार होती. सत्यशोधक जलसे होते, भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते, तमाशाचा फड होता. पुढे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आला, तिथे रुस्तुम अचलखांब यांनी शिकवले. ‘गावकी’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या या माणसाने ‘कैफियत’ लिहिले आणि तमाशाला लोकरंगभूमी म्हणून अभ्यासाच्या टेबलावर आणले. ज्या कलेची गावाने लाज बाळगली, ती विद्यापीठात मानाने शिकवता येते, हे त्यांनी करून दाखवले.

मग आपल्याकडे काय झाले? वसतिगृहे नव्हती असे नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्येच कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून मुस्लिम बोर्डिंग उभारले, अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींबरोबर मुसलमान मुलेही एका पंगतीत जेवत. मराठवाड्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत निवासी मदरसे, उर्दू शाळा, वसतिगृहे उभी राहिली. बदनापूरजवळ वरुडीला तर अक्कलकुव्याच्या जामियाचे वैद्यकीय महाविद्यालयही आले. इमारती उभ्या राहिल्या, निकाल सुधारले. पण आपल्या निवासी शाळेत नाटक शिकवायला शिक्षक नेमला आहे, असे मी तरी अजून पाहिलेले नाही. पीटीचा शिक्षक असतो, कॉम्प्युटरचा असतो. गॅदरिंगच्या आधी पंधरा दिवस कुणाला तरी जुंपले जाते, बस.

माझ्या मते याचे कारण फतव्यात कमी आणि १९४८ मध्ये जास्त आहे. ज्या समाजाने गप्प बसण्यात सुरक्षितता पाहिली, त्याला मुलांना मोठ्याने बोलायला शिकवणे हीच जोखीम वाटते. दीन हे त्यासाठी हाताशी असलेले सोयीचे कारण आहे. माझे हे म्हणणे काही वाचकांना आवडणार नाही. त्यांनी जवळच्या मदरशात एखाद्या गुरुवारी संध्याकाळी जाऊन बसावे. अनेक मदरशांत त्या वेळी मुलांची अंजुमन भरते. प्रत्येकाने उभे राहून तकरीर करायची, बाकीच्यांनी ऐकायचे, उस्तादांनी चुका सांगायच्या. आवाज, श्वास, हातवारे, शब्दांचे तलफ्फुज या सगळ्यांवर तिथे मेहनत होते. इंग्रजी बोर्डिंग शाळा ज्यासाठी वर्षाला लाखांत फी घेतात, त्यातले कितीतरी इथे चटईवर बसून फुकट शिकवले जाते. फक्त तिथे मुलगा नेहमी उपदेश करणाराच असतो. मुकालम्यात मात्र त्याला समोरच्याचेही ऐकावे लागते, कधी चूक असलेल्या माणसाची बाजू मनापासून मांडावी लागते.

त्या रात्री बाप झालेल्या मुलाला मी नंतर गाठले. तो भोकरदनकडचा होता. इतका हुबेहूब बाप कुठून आणलास, असे विचारले. तो लाजला. म्हणाला, उस्तादांनी लिहून दिलेले संवाद अस्सल उर्दूत होते, त्याला काही ते जमेनात. शेवटी उस्तादच म्हणाले, तुझे अब्बा घरी जसे बोलतात तसे बोल.

“अब्बा आले होते का आज?”

“आले होते ना. शेवटच्या रांगेत बसले होते.”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही,” तो म्हणाला, “माझी पेटी घ्यायला आले होते. राहू दे म्हणाले.”