चाक मोठे की टायर?

मोटार सजवायला निघालेला हौशी मालक पहिला हात घालतो तो चाकांना. घेर तोच ठेवून धातूचे चाक वाढविले, की टायरमधील हवेला जागा उरत नाही, हा साधा हिशेब त्याला सुचत नाही. श्रोतेहो, इटलीच्या एकाच कारखान्याच्या दोन मोटारी पाहू.

1986 साली लॅम्बोर्गिनीने एलएम 002 ही अवाढव्य मोटार विक्रीस आणली. इंजिन बारा सिलिंडरांचे, वजन सुमारे 2,700 किलो, वेग ताशी 200 किलोमीटरांवर, आणि जायचे वाळवंटात! तिच्यासाठी पिरेलीला टायर मुद्दाम घडवावा लागला. रुंदी 345 मिलिमीटर, पण चाक अवघे 17 इंचांचे. टायरची भिंत रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे 207 मिलिमीटर उंच. वाळूत हवा कमी करून तो पसरावा, आणि सडकेवर तेवढ्याच वजनाखाली वेगाने तापून फाटू नये, असा दुहेरी पेच होता.

2018 साली रस्त्यावर आलेल्या उरुसला 23 इंचांचीही चाके मिळू लागली. तेथे पुढच्या टायरची भिंत उरली 100 मिलिमीटर. वळणावर ती डगमगत नाही, आणि दिसते देखणी, हे आम्हांसही मान्य. पण खड्ड्याचा मार सोसायला मध्ये हवा थोडीच असते. तो जाऊन बसतो रिमवर.